चौक कोण लिहिते?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या वारली पाड्यांवर लग्नघरातील आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक उमटतो. त्या कृतीसाठी वारली बोलीत जे क्रियापद वापरले जाते, ते 'काढणे' किंवा 'रंगवणे' नव्हे, तर 'लिहिणे' आहे. चौक लिहिला जातो. प्रमाण मराठीच्या वाचकाला हा प्रयोग प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. पण तो आपल्याच भाषेच्या जुन्या घरातला आहे. जुन्या मराठीत चित्रही लिहिले जात असे. संस्कृतातील 'लिख्' धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ उमटवणे असा आहे आणि 'आलेख' या शब्दात तो अर्थ आजही शाबूत आहे. पुढे अक्षराने हे क्रियापद आपल्या एकट्याच्या मालकीचे केले आणि चित्राच्या वाट्याला 'काढणे' आले. वारली बोलीने मात्र ती वाटणी मान्य केलेली दिसत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक सरळ प्रश्न पडायला हवा. चौक जर लिहिलेला असेल, तर त्याचा लेखक कोण? लोकसाहित्याच्या तासाला आपण 'लोक' असे उत्तर देतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. हे उत्तर चुकीचे नसले तरी फार घाईचे आहे. गेल्या तीन-चार दशकांत 'मुक्तस्रोत', म्हणजे ज्याला सर्रास 'ओपन सोर्स' म्हटले जाते, ती कल्पना संगणकाच्या क्षेत्रातून निघून रचनाकला, शिक्षण आणि ज्ञानव्यवहारात पसरली आहे. अनेकांनी मिळून, कोणा एकाच्या मालकीशिवाय, पद्धतींचा एक संग्रह उभारायचा आणि तो सर्वांना वापरण्यास व वाढवण्यास मोकळा ठेवायचा, असे तिचे स्वरूप आहे. असा संग्रह डहाणू-तलासरीच्या कुडाच्या भिंतींवर पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. दोन्हींचा इतिहास शेजारी ठेवून वाचला, तर 'खुले' या शब्दाचा आपण किती सैल वापर करतो ते ध्यानात येते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

(१)

प्रथम त्या भिंतीविषयी. कारवीच्या काटक्यांचा कूड शेणमातीने लिंपून त्यावर गेरूचा हात दिलेला असतो. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग होतो. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की तिची कुंचली होते. यापलीकडे साधन नाही. लिहिणाऱ्या असतात सवासिनी, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रिया. धवलेरी ही लग्नविधी चालवणारी स्त्री देवदेवतांना गाण्यांतून बोलावते. मोठ्या चौकाच्या मध्यभागी पालघट देवी येते. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पाच डोक्यांचा पंचशिऱ्या देव येतो. भोवती एकात एक अशा किनारी, आणि किनारीबाहेर झाडे, पाखरे, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरलेले स्त्रीपुरुष, ताडावर चढणारा माणूस. चौकावाचून लग्न लागत नाही.

आता या संहितेची रचना पाहू. तिच्यात काही गोष्टी पक्क्या आहेत आणि काही मोकळ्या. देवी, तिची जागा, चौकट, लिहिण्याचा प्रसंग आणि लिहिण्याचा अधिकार या पक्क्या. किनारीबाहेरचे जग मोकळे. तेथे ज्या स्त्रीला जे सुचेल ते ती लिहिते, शेजारची पाहते, पुढच्या लग्नात तिच्या हातून ते थोडे बदलून उतरते. अभ्यासक्रम नाही, नमुन्यांची वही नाही. मुली जवळ बसून पाहतात आणि एखादी रेघ ओढायला मिळते तेव्हा शिकतात.

जात्यावरच्या ओवीशी ओळख असणाऱ्याला ही रचना परकी वाटणार नाही. ओवीचा साचा, लय, संबोधने सगळ्यांची असतात. त्या साच्यात आपल्या माहेरचे, आपल्या लेकाचे, आपल्या दुःखाचे चार शब्द घालणारी स्त्री एकटी असते. एकीची ओवी दुसरीच्या जात्यावर गेली की तिच्यातले गावाचे नाव बदलते, लेकाचे नाव बदलते आणि ओवी पुढे चालू लागते. पाठभेद म्हणून आपण ज्याची नोंद करतो तो त्या परंपरेचा दोष नसून तिचा श्वास आहे. चौकाचेही तसेच. फरक इतकाच की ओवी स्मरणात उरते आणि चौक भिंतीवर फार काळ टिकत नाही. धुराने काळवंडतो, पावसाळ्यात भिंत ओलावते, सारवण होते. पुढच्या लग्नात तो पुन्हा लिहावा लागतो. त्यामुळे हा संग्रह भिंतीवर साठलेला नसतो. तो लिहिणाऱ्या हातांत असतो आणि लिहिण्याचा प्रसंग आला की तेवढ्यापुरता दिसतो.

म्हणजे या संग्रहात भर घालण्याला अटी आहेत. कोणी लिहावे, केव्हा लिहावे, काय बदलावे आणि काय बदलू नये हे ठरलेले आहे. विधवेला चौक लिहिण्याचा अधिकार नाही, ही त्यातली जाचक बाजूही झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण मालक मात्र कोणी नाही. अमुक पाड्याने अमुक किनार आपली म्हणून अडवून ठेवली, असा हा व्यवहार नव्हे. मालकी नाही पण नियम आहेत, ही स्थिती आधुनिक मनाला समजावयास अवघड जाते. जेथे मालक दिसत नाही तेथे नियमही नसणार, असे ते गृहीत धरते.

(२)

पाश्चात्त्य रचनाविचाराने हीच गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतःच्या वाटेने शोधली. १९६२ साली लंडनमध्ये रचनापद्धतींवर एक परिषद भरली. इमारत, यंत्र, वस्तू घडवणारा जे मनात करतो ते उघड करून सांगता येईल का, पद्धत म्हणून दुसऱ्याच्या हाती देता येईल का, हा तिचा प्रश्न होता. त्या चळवळीतील एक तरुण वास्तुविद ख्रिस्तोफर अलेक्झांडर याने १९६४ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आकाराची सिद्धी कशी होते, हा त्याचा विषय. ग्रंथाच्या परिशिष्टात उदाहरण म्हणून घेतले आहे ते एका भारतीय खेड्याचे. खेड्याच्या गरजा सुट्या सुट्या मांडून त्यांचे परस्परसंबंध गणिताने लावण्याचा तो प्रयत्न आहे. याच ग्रंथात त्याने दोन प्रकारच्या समाजांत भेद केला. एकात घडवणारा आपल्या घडवण्याविषयी वेगळा विचार मांडत नाही. रूढी त्याच्या हाताला धरून नेते आणि चूक दिसली की तेवढीच दुरुस्त होते. दुसऱ्यात घडवणारा स्वतःला घडवणारा म्हणून ओळखतो, नियम शब्दांत मांडतो आणि आपली सही करतो.

पुढे १९७७ मध्ये अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २५३ रचनाबंधांचा कोश सिद्ध केला. शहराच्या विस्तारापासून खिडकीशेजारच्या बैठकीपर्यंत प्रत्येक रचनाबंधाची मांडणी एकसारखी आहे: कोणत्या परिस्थितीत कोणती अडचण येते आणि तिचे उत्तर काय. त्यातली एक बारीक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. प्रत्येक नोंदीच्या शीर्षकाशी तारका आहेत. जेथे उत्तर पक्के सापडले असे लेखकांना वाटते तेथे दोन, जेथे वाटचाल झाली आहे पण अद्याप सुधारणेला वाव आहे तेथे एक, आणि जेथे खात्री नाही तेथे एकही नाही. वाचकाने पुढे येऊन भर घालावी, हे निमंत्रण त्या तारकांत आहे.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी हे निमंत्रण स्वीकारले. आपल्या व्यवसायातील रचनाबंधांचा असाच कोश करावा म्हणून वॉर्ड कनिंगहॅम याने १९९५ मध्ये 'विकी' नावाची रचना निर्माण केली. ज्या पानावर वाचतो त्याच पानावर लिहिता यावे, ही तिची साधी कल्पना. २००१ चा विकिपीडिया आणि २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे तिचेच वंशज. ज्या साधनावर आज जगाचा सामाईक ज्ञानकोश उभा आहे, त्याचा जन्म रचनापद्धतींचा खुला संग्रह करण्याच्या गरजेतून झाला, हे आपल्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते.

मात्र या इतिहासातली निर्णायक घटना तंत्राची नसून कराराची आहे. १९८९ मध्ये रिचर्ड स्टॉलमन याने मुक्त आज्ञावलींसाठी एक सार्वजनिक परवाना तयार केला. त्याचा आशय असा: ही आज्ञावली कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी, पण बदललेली प्रत वाटताना पुढच्या माणसाला हेच स्वातंत्र्य द्यावे लागेल. घेऊन कुंपण घालता येणार नाही. पुढे २००२ मध्ये आलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांनी लेख, चित्र, गीत यांच्यासाठी अशाच श्रेणी आखल्या आणि मूळ कर्त्याचे नाव सांगणे ही त्यांतली पायाभूत अट झाली. थोडक्यात, आधुनिक खुल्या संग्रहालाही नियम आहेत. तो चालतो तो नियमांच्या बळावर.

(३)

तेव्हा चौकाचा संग्रह आणि हे आधुनिक संग्रह सख्खे भाऊ आहेत असे म्हणून आम्ही येथेच थांबलो असतो, तर लेख गोड झाला असता. पण डहाणू-तलासरीच्या भूमीत 'खुले' या शब्दाला आणखी एक इतिहास आहे आणि तो गोड नाही.

वारल्यांच्या कसणुकीखालची जमीन पिढ्यानुपिढ्या त्यांची होती, पण तिचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. ज्याला कागद नाही त्याला मालक नाही, असे वसाहतकालीन व्यवस्थेने मानले. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल सरकारचे झाले. शेतजमिनी कर्जापायी सावकार-जमीनदारांकडे गेल्या. स्वतःच्या जमिनीवर माणूस कूळ झाला, आणि कुळाला वेठ आली. या व्यवस्थेतील सर्वांत क्रूर प्रथा लग्नाभोवतीच होती. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, बायकोसह सावकाराच्या घरी राबत असे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात या प्रथेचे जे वर्णन आहे ते मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, एवढीच माहिती परीक्षेपुरती लक्षात ठेवून भागणार नाही. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभेने वारल्यांची परिषद घेतली आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही प्रथा झुगारून देण्याचा निर्धार तेथे झाला. योगायोग असा की त्याच वर्षी के. जे. सावे यांचा वारली जमातीवरील इंग्रजी ग्रंथही प्रसिद्ध झाला. एका वर्षात एकीकडे वारली हा अभ्यासाचा विषय झाला, दुसरीकडे तो स्वतः बोलू लागला.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन पुन्हा त्या भिंतीकडे पाहावे. ज्या लग्नासाठी माणूस स्वतःला गहाण टाकत होता, त्याच लग्नातील चौक मात्र सावकाराच्या वहीत कधी चढला नाही. पीठ, गेरू, काडी आणि शेजारणींचे हात यांसाठी कर्ज काढावे लागत नव्हते. चौकाचे मोल करण्याची रीतच नव्हती. जमीन गेली, जंगल गेले, श्रम गेले, तरी हा संग्रह उरला, कारण त्याला बाजारात किंमत नव्हती. त्याचे खुलेपण बाहेरच्यांसाठी नव्हते. ते एकमेकींसाठी होते.

(४)

ती किंमत १९७० च्या दशकात आली. पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने हस्तकला व हातमाग क्षेत्रातील शासकीय यंत्रणेमार्फत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने बिहारमधील मधुबनीच्या स्त्रियांना कागद दिला होता. तेच कुलकर्णी वारली पाड्यांवर आले. लग्नाच्या भिंतीवर लिहिणाऱ्या स्त्रियांनी कागदावर लिहावे, अशी त्यांची अपेक्षा होती. कागद पुढे नेला तो मात्र एका पुरुषाने. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) चौकाच्या नियमांबाहेर, विधीचा प्रसंग नसताना, स्वतःच्या ओढीने चित्रे लिहीत होते. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हशे यांच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एकानुसार त्यांनी वारली कला जगापुढे नेली; दुसऱ्यानुसार त्यांच्यापासून ती विधीतून उठून बाजारात गेली. आम्हांला दोन्ही अपुरी वाटतात. खुल्या संग्रहाच्या भाषेत बोलायचे तर म्हशे हे मोठे भर घालणारे होते. दोन त्रिकोणांची टोके जोडून होणारा माणूस, वर्तुळाचे डोके, काडीचे हातपाय हा बंध परंपरेचाच. पण त्या माणसांचे थवे हजारो बारीक रेघांच्या हालचालीत सोडणे, सबंध कागदभर मासळीचे जाळे पसरवणे, लग्नाचा प्रसंग नसताना शेत, मुंग्या, पाऊस, कथा यांना भिंतीएवढे महत्त्व देणे, ही भर त्यांची. त्यांनी चौक मोडला नाही. किनारीबाहेरचा जो भाग आधीपासून मोकळा होता तो त्यांनी कागदावर आणला आणि त्याचा विस्तार केला. देवीचा चौक भिंतीवर सवासिनींच्याच हातात राहिला.

परंतु या स्थलांतरात एक गोष्ट निश्चितपणे निसटली. कागदावर सही आली आणि सही पुरुषांची आली. विधीतल्या चौकाला नाव नव्हते. कागदावरच्या चित्राला नाव मिळाले तेव्हा ज्या स्त्रियांनी ही लिपी घडवली त्यांची नावे नोंदवण्याची व्यवस्था कोणाजवळ नव्हती. पुढे स्त्रियाही कागदावर आल्या, त्यांतील काहींना नाव मिळाले. पण परंपरेच्या इतिहासात 'पूर्वी हे काम स्त्रिया करीत' या एका वाक्याखेरीज त्यांची जागा झालेली नाही. यशोधरा दालमिया यांच्या १९८८ च्या ग्रंथाने चौकाचा विधी, त्यातील गाणी आणि देवता यांची साक्षेपाने नोंद केली, म्हणून निदान त्या वाक्यामागचे जग आपल्याला दिसते. कविता महाजन (१९६७–२०१८) यांनी वारली लोकगीतांचे संकलन केले, म्हणून त्या जगाचा स्वर मराठी वाचकापर्यंत आला. ही दोन्ही कामे चित्राला गाण्यापासून तोडत नाहीत. बाजारात गेलेल्या चित्रापासून मात्र गाणे केव्हाच तुटले आहे.

(५)

आज वारली आकृती चहाच्या पेल्यावर आहे, साडीच्या काठावर आहे, रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर आहे आणि महाजालावरील मोफत नमुन्यांच्या संग्रहांत शेकड्यांनी आहे. तेथे 'आदिवासी किनार' अशा नावाखाली तारपानृत्याचा फेर सापडतो. तो कोणी आखला ते आखणाऱ्याने लिहिलेले असते. मूळ कोठले, हे बहुधा नसते. आधुनिक खुल्या संग्रहाची पहिली अट नाव सांगणे ही होती. ती येथे पाळली जाते, पण नाव सांगितले जाते ते शेवटच्या हाताचे.

कायदा या बाबतीत फार पुढे जात नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याला कर्ता लागतो आणि कर्त्याच्या मृत्यूनंतरची ठरावीक वर्षे लागतात. जिला एक कर्ता नाही आणि जी मरत नाही अशा परंपरेला त्यात जागा नाही. १९९९ चा भौगोलिक निर्देशनाचा कायदा २००३ मध्ये अमलात आला. आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेतला आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेची त्याखाली नोंद झाली. योगायोगाने पालघर जिल्ह्याची निर्मितीही त्याच वर्षीची. ही नोंद मोलाची आहे. कलेचे नाव आणि तिचा प्रदेश कागदावर एकत्र आले; जेथे कागदाअभावी जमिनी गेल्या तेथे या घटनेचे महत्त्व अधिकच. शिवाय हा हक्क एका व्यक्तीचा नसतो. त्या प्रदेशातील कोणताही उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करू शकतो, हे समूहाच्या रीतीशी काहीसे जुळते.

परंतु भौगोलिक निर्देशन राखते ते नाव. आकृती राखत नाही. दोन त्रिकोणांचा माणूस छापून 'वारली' हा शब्द टाळला की कायद्याचा हात पुरत नाही. जून २०२५ मध्ये इटलीतील एका बड्या फॅशनगृहाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला आणल्या आणि आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा हीच उणीव उघडी पडली. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून निर्देशन आहे. नाव सुरक्षित होते, म्हणून बहुधा ते न घेणेच सोयीचे ठरले.

यावर कोणी म्हणेल की मग आकृतीलाही कुंपण घाला. आम्ही त्या मताचे नाही. आकृतीला मालक दिला तर पहिला प्रश्न येईल तो वारल्यांमध्येच: कोणाची किनार, कोणत्या पाड्याचा फेर? पाहून शिकण्याची आणि थोडे बदलून लिहिण्याची जी वाट चौकाला जिवंत ठेवत आली ती बंद होईल. म्हशे यांनाही उद्या परवानगी मागावी लागली असती. कुंपण हा सावकारी उपाय आहे. त्याने सावकार बदलतो, व्यवहार बदलत नाही. खुलेपण राखावे, पण खुले म्हणजे बेवारस असा जो अर्थ या भूमीवर दीड शतक लादला गेला, तो नाकारावा, एवढेच आमचे म्हणणे.

(६)

तर मग अशा संग्रहात भर घालणे म्हणजे काय? येथे आपला, म्हणजे साहित्य शिकणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा, संबंध येतो. आपण संकलक आहोत. दर वर्षी लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी पाड्यांवर जातात, गाणी ध्वनिमुद्रित करतात, चौकांची छायाचित्रे घेतात. आता त्यांतील बरेचसे खुल्या संग्रहांत जाऊ लागले आहे, आणि ते जावे. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक रचना केंद्राने अन्य संस्थांसह 'डी-सोर्स' या उपक्रमात रचनाविषयक सामग्री आणि देशभरच्या कारागिरीच्या नोंदी सर्वांना मोकळ्या केल्या आहेत. असे उपक्रम वाढायला हवेत. प्रश्न आहे तो नोंद कशी करायची याचा.

चौकाच्या स्वतःच्या नियमांतून त्याचे उत्तर काढता येईल असे आम्हांला वाटते. चौकात काय पक्के आणि काय मोकळे हे ठरलेले असते. तेव्हा नोंदीतही ते वेगळे दाखवावे. देवीचा चौक कोठेही छापण्याचा नमुना नव्हे, हे सांगणाऱ्या स्त्रीने सांगितले असेल तर ते तिच्या शब्दांत नोंदीत यावे आणि ते चित्र संग्रहात मोकळे सोडू नये. किनारीबाहेरचे जे मोकळे आहे ते मोकळेच द्यावे, पण कोणत्या गावच्या, कोणत्या पाड्याच्या भिंतीवर, कोणत्या साली ते लिहिले होते हे त्याच्यापासून सुटू नये. लिहिणारीला आपले नाव हवे असेल तर नाव द्यावे, नको असेल तर पाड्याचे द्यावे. हा निर्णय तिचा, संकलकाचा नव्हे. चौकाबरोबर धवलेरीचे गाणे असते. म्हणून चित्राच्या नोंदीत गाण्याची जागा रिकामी का होईना पण असावी, म्हणजे काहीतरी राहिले आहे हे पुढच्याला कळेल. आणि अलेक्झांडरच्या तारका उसन्या घ्याव्यात. ज्या अर्थाविषयी आपली खात्री नाही तेथे तसे चिन्ह करावे. वारली चित्रातील वर्तुळ सूर्याचे, त्रिकोण डोंगराचा, चौकोन पवित्र जागेचा, हे समीकरण पुस्तकांतून पुस्तकांत इतक्या वेळा उतरले आहे की ते कोणा बाईने कोणाला सांगितले होते, हे विचारण्याचे भान उरलेले नाही. अशा वाक्यापुढे एकही तारका असू नये.

शेवटची अट परतीची. मुक्त परवान्याने जी गोष्ट करारात लिहिली, ती चौकाच्या व्यवहारात न लिहिता होती: आज मी तुझ्या घरच्या भिंतीवर लिहिले, उद्या तू माझ्या. प्रकल्पाची वही महाविद्यालयाच्या कपाटात आणि चित्रे महाजालावर गेली, पण तिची प्रत त्या पाड्यावरच्या शाळेत, वारली बोलीतील मूळ शब्दांसह, पोहोचली नाही, तर तो संग्रह एका बाजूनेच खुला आहे. वेठीला राबवून घेणाऱ्यानेही काम घेतलेच होते. परत काही दिले नव्हते.

विद्यापीठीय लोकसाहित्याच्या प्रकल्पांत 'निवेदक' नावाचा एक रकाना असतो. तेथे पुष्कळदा 'एक वृद्ध महिला, डहाणू तालुका' एवढेच लिहिलेले आढळते. लिहिण्याचे क्रियापद ज्यांनी आपल्यापेक्षा जुन्या अर्थाने जपले, त्यांची ओळख त्या रकान्यात इतकी तुटपुंजी असावी, हे भाषेच्या अध्यापकांना शोभणारे नाही. पुढच्या सत्राचे प्रकल्प वाटताना त्या रकान्यापासून आरंभ करता येईल. तिला विचारावे, तिचे नाव कसे लिहायचे, आणि लिहायचे की नाही.